एम्बेडेड पत्रकार म्हणजे युद्धवार्ताहरच ना?

प्रश्न असा होता की 'युद्धवार्ताहर' हा चांगला मराठी शब्द असताना 'एम्बेडेड पत्रकार' कशाला लिहायचं. युद्धवार्ताहर शब्द मलाही आवडतो, पण इथे तो वापरला तर वाचकाला नेमकी महत्त्वाची गोष्टच कळत नाही. एम्बेडेड पत्रकार, म्हणजे लष्कराने एखाद्या तुकडीसोबत नेलेला पत्रकार, हा युद्धवार्ताहर असतोच, पण सगळे युद्धवार्ताहर एम्बेडेड नसतात.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर लंडनच्या 'टाइम्स'साठी लिहिणारा विल्यम हॉवर्ड रसेल युद्धवार्ताहरच, पण ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनला तो अजिबात नको होता. एम्बेडेडचं तसं नाही, तिथे लष्करच तुम्हाला एका ठराविक तुकडीत जागा देतं. हा शब्द जगभर झाला तो २००३ च्या इराक युद्धात, पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, तेव्हा ५०० हून जास्त पत्रकार तुकड्यांसोबत पाठवले होते, म्हणजे जवानांच्याच गाडीतून जायचं, त्यांच्यातच खायचं-झोपायचं आणि त्याआधी नियमांच्या कागदावर सही करायची. जवळ शस्त्र ठेवायचं नाही, तुकडी नेमकी कुठे आहे आणि पुढे काय करणार हे सांगायचं नाही, आणि कमांडरने बातमी थोडा वेळ थांबवा म्हटलं तर थांबवायची. सरसकट सेन्सॉर नव्हता हे खरं, पण बातमी कधी बाहेर जाणार हे शेवटी कमांडरच्या हातात. फॉक्स न्यूजच्या हेराल्डो रिव्हेराने लाइव्ह चालू असताना वाळूत नकाशा काढून तुकडीची जागा आणि पुढची चाल दाखवली, तर त्याला तिथून बाहेर पडावं लागलं.

जे असे कुठल्या तुकडीसोबत नव्हते, आपापले फिरत होते, त्यांना 'युनिलॅटरल' म्हणायचे. आयटीएन या ब्रिटिश वृत्तसंस्थेचा टेरी लॉइड त्यातला, मार्च २००३ मध्ये इराकमधल्या बसराजवळ मारला गेला. त्याला आणि तुकडीतल्या पत्रकाराला एकच शब्द लावला तर कोणाला कोणाचं संरक्षण होतं आणि कोण कोणाच्या नजरेने युद्ध बघत होतं हे पुसलं जातं, आणि मला तरी हे फार गंभीर वाटतं.

आता '१९९१ चा प्रेस पूल म्हणजे पण हेच का' हा उपप्रश्न. नाही. पूलमध्ये मोजकेच पत्रकार लष्करी अधिकाऱ्यांसोबत नेतात आणि त्यांचा मजकूर बाकीच्यांना वाटून देतात, आखाती युद्धात तो आधी लष्कराकडून तपासलाही जायचा.

मराठीत काय लिहावं? 'अंतर्भूत' नको, काहीच बोध होत नाही. 'संलग्न' वाचलं की कॉलेज आणि विद्यापीठ आठवतं. 'सैन्यातला पत्रकार' तर सरळ चूक आहे, तो सैनिक नाही, नागरिकच असतो. मी पहिल्यांदा 'तुकडीसोबतचा (एम्बेडेड) वार्ताहर' असं लिहीन आणि पुढे नुसतं एम्बेडेड. स्वतंत्र फिरणाऱ्याला मात्र बिनधास्त युद्धवार्ताहर म्हणा.