लग्न लागताना आई कुठे असते?

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर आजी तुला म्हणाली, तुझं लग्न लागताना तुझी आई हॉलमध्ये नसणार, तुळशीला पाणी घालत बसणार. तेव्हापासून तुझं एकच चाललंय: त्याची आई पहिल्या रांगेत आणि माझी आई बाहेर, असं का?

प्रथा खरी आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीची आई मांडवातून उठून जायची. सांगलीच्या कार्यालयात माझं लग्न लागलं तेव्हा आजी मागच्या अंगणात तुळशीपाशी होती. मी गौरीहराशी तांदूळ वाहत बसलेले, मामा मला घेऊन आला, अंतरपाट धरला. यातलं तिला काही दिसलं नाही. दर मंगलाष्टकाच्या शेवटचं 'सावधान' तेवढं ऐकू यायचं. वाजंत्री एकदम वाजली तेव्हा तिला कळलं, लागलं.

कारण विचारलंस तर दर बाई वेगळं सांगेल. आईचीच दृष्ट लागते, शुभकार्यात डोळ्यांतून पाणी नको, वगैरे. मला एकही पटत नाही. अक्षता पडल्या की त्याच आईला कन्यादानाला बोलावतात आणि पाण्याची धार तिनंच धरायची असते. तेव्हा दृष्ट लागत नाही वाटतं! आणि रडण्याचंच म्हणशील तर पाठवणीला माझ्या बाबांनी कार्यालय डोक्यावर घेतलं होतं. त्यांना कुणी तुळशीपाशी नाही पाठवलं.

तेव्हा मी पुढेच उभी राहणार, हे नक्की. हॉलवाला तांदूळ उधळू देत नाही, पाकळ्या चालतील म्हणतो, चालवून घेऊ. त्याच्या आईला एवढं सांगून ठेव, की अक्षता पडल्या की आपली माणसं जेवणाकडे सरकतात, मनावर घेऊ नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सप्तपदी असेल तर लग्न सातव्या पावलाला पुरं होतं, पण तोवर तिथं गुरुजी, फोटोग्राफर आणि भूक न लागलेल्या एकदोन मावश्याच उरतात. इंग्लंडच्या कायद्याचं तर नुसत्या विधींवर भागतच नाही. रजिस्ट्रारकडची नोटीस किमान 29 दिवस आधी द्यायची आहे, विसरू नकोस.

पण मनू, तू काळजी करतेयस ती चुकीच्या बाईची. त्या कॉलवर आजी आणखी एक वाक्य बोलली, ते तू ऐकलं नसशील: "मी असेनच की तिच्या सोबतीला." आजोबा गेल्यापासून ती कुठल्याही कार्यात पुढे येत नाही. हळदीला स्वयंपाकघरात, औक्षणाला दाराआड. हल्ली तिला कुणी काही म्हणत नाही. म्हणावंच लागत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ती बातमी तिनं मला फोनवर वाचून दाखवली, "बरं केलं" म्हणाली, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या बारशाला जाऊन पाळण्यापासून लांब बसली.

मी पुढे उभी राहिले की मागे ती एकटी उरते. ते मला नकोय.

म्हणून तू तिला सांग, की पहिली हळद तूच लाव. ती म्हणेल, हे सवाष्णींचं काम. मी सांगून बघितलं, "तुला काय कळतंय" म्हणाली. मला ती सहज गप्प करते, नातीला करता येत नाही. रडेल, विषय बदलेल, साडी कुठली घेतलीस विचारेल. तू तिथून हलू नकोस. आणि फोन सकाळी कर. आपल्या दुपारी तिच्या मालिका सुरू होतात, मग ती कुणाचंच ऐकत नाही.

तुझी,
आई