आधी नोंद, मग रोप

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

जंगल डोळ्यांदेखत आक्रसत असताना वनस्पती उद्यानातल्या चार वाफ्यांत दुर्मीळ झाडे जगवून काय साधणार, आणि दिवसभर नोंदवह्या भरण्याचे कारकुनी काम सोडून पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा का घेऊ नये, असे तू विचारले आहेस. पुण्याला जायचे की नाही, हे तुझे तू ठरव. नोंदवहीला कारकुनी म्हटलेले मात्र मला सहन होत नाही, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

नागपूरच्या महाराजबागेसारख्या सार्वजनिक बागेतल्या झाडाने सावली दिली, फुले दिली की त्याचे काम झाले. वनस्पती उद्यानातले झाड कोणत्या टेकडीवरून, कोणत्या तारखेला, किती मातृवृक्षांच्या बियांपासून आले आणि त्याचा वाळवलेला नमुना कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे विचारता क्षणी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर झाड कितीही दुर्मीळ असो, त्याची अवस्था सातबारा हरवलेल्या शेतासारखी असते. म्हणून आधी नोंद, मग रोप.

पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या तोरोमिरोचे उदाहरण घे. त्या बेटाखेरीज इतरत्र निसर्गतः न वाढणाऱ्या या वृक्षाचे एकच झाड १९५० च्या दशकात रानो काऊ या ज्वालामुखीच्या विवरात उरले होते. नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल यांच्या मोहिमेत त्याच्या बिया गोळा झाल्या आणि स्वीडनमधल्या गोटेबोर्गच्या वनस्पती उद्यानात त्यांची रोपे वाढली. पुढे बेटावरचे ते झाड गेले. उद्यान नसते तर ती जातच संपली असती. परंतु एका झाडाच्या संततीत वैविध्य ते किती असणार? बेटावर परत लावलेली रोपे पुन्हा पुन्हा मेली, आणि इतर देशांतल्या उद्यानांत तोरोमिरो म्हणून उभी असलेली झाडे नेमकी कोणत्या वंशाची, हे ठरवण्यासाठी जनुकीय तपासणी करावी लागली. जे एका ओळीच्या नोंदीत मिळायला हवे होते, ते शोधायला प्रयोगशाळा लागली! तू जिथे जाऊ पाहते आहेस, तिथेही तुझ्यासमोर येणाऱ्या नमुन्याचे मोल अशाच एका ओळीवर ठरणार आहे.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती उद्यानात वाढवून सह्याद्रीत पुन्हा लावल्या. कोणती जात कोणत्या डोंगराची, हे ठाऊक असल्याशिवाय असे काम उभेच राहत नाही.

विदर्भात काय आहे, असे म्हणू नकोस. डिंकासाठी खोडावर वाटेल तसे घाव घातल्याने कोरड्या टेकड्यांवरचा पांढऱ्या सालीचा कुलू वृक्ष विरळ झाला. बिजा वृक्ष इमारती लाकडासाठी आणि औषधासाठी तोडला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार वनस्पती उद्यानांकडे ज्ञात वनस्पतींपैकी सुमारे ३० टक्के आणि धोक्यातल्या जातींपैकी ४१ टक्क्यांहून अधिक जाती आहेत. पण ज्या जाती कोणत्याच उद्यानात नाहीत, त्यांतल्या सुमारे ७६ टक्के उष्णकटिबंधातल्या, म्हणजे आपल्याच पट्ट्यातल्या आहेत. त्या लंडनच्या क्यू उद्यानाने सांभाळाव्यात, अशी तुझी अपेक्षा आहे काय? काही बिया वाळवून उणे २० अंशांत दीर्घकाळ टिकवता येतात, पण जांभळासारखे बी वाळले की मरते, आणि अशा जातींसाठी जिवंत झाडे सांभाळणारे उद्यानच लागते.

मी ज्या उद्यानात होतो, तिथे एक भव्य कुलू होता. तो कुठून आला, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण जुन्या वह्या एका स्थलांतरात रद्दीत गेल्या होत्या. टेकडीवर लागवड करण्यासाठी त्याचे बी मागितले गेले, तेव्हा मी नकार दिला. त्या झाडाचा वंश कुठला हे न कळता त्याचे बी रानात मिसळणे मला मान्य नव्हते. सहकारी मला आडमुठा म्हणाले, काहींनी बोलणे सोडले. तो नकार योग्यच होता, असे मी आजही म्हणतो. खंत एवढीच की तसा नकार देण्याची वेळ यावी, इतक्या बेफिकिरीने कोणी ते झाड लावले होते.

तुझा थकवा मला कळतो. कंत्राटी पगार तुटपुंजा आहे आणि पाहणीच्या आधी वाफे भरून दाखवण्याची घाई वरून होते, हेही मी जाणतो. तरीही पाटी नसलेले रोप वाफ्यात लावू नकोस. कोणी रागावले तर रागावू दे.

एप्रिल-मे महिन्यांत कुलूची फळे पिकतील. वनविभागाची परवानगी आताच मागून ठेव. एका टेकडीवर शक्यतो ५० झाडांचे बी घ्यावे, असा संकेत आहे. तेवढी झाडे नसतील तर जितकी असतील तितक्यांचे घे, पण प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पाकिटात ठेव आणि त्यावर स्थळ, तारीख व झाडाचा क्रमांक तिथेच, झाडाखाली उभी राहून लिही. घरी आल्यावर लिहीन असे म्हणू नकोस. फळांवरची लव फार चावते, तेव्हा हातमोजे घालूनच फळे तोड.

तुझा,
सर