पाठीमागे लोक उभे राहतात, त्यांचं काय करू?

मागच्या अंकात आमच्या रविवारच्या स्केचिंगबद्दल मी जाता जाता लिहिलं होतं. आम्ही बारा-पंधरा जण महिन्यातून दोनदा फोर्टात, बाणगंगेला नाहीतर राणीच्या बागेत जमतो आणि दुपारपर्यंत चित्रं काढत बसतो. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की नेहमीचे ब्रश-कागदाचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 52, डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी. शाळेत असताना इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. त्यानंतर रांगोळीपलीकडे काही काढलं नाही. तुमच्यासारख्याच एका गटाबरोबर जायचं दोनदा ठरवलं. एकदा तर सीएसएमटीला उतरले आणि तिथूनच परत फिरले. रस्त्यात बसायचं, मागे लोक उभे राहणार, गटातले बाकीचे आर्ट स्कूलमधून शिकलेले. शिवाय बाईमाणसाने दिवसभर बाहेर राहायचं म्हणजे अडचणी असतातच. काय करू?

सीएसएमटीपर्यंत आलात म्हणजे अवघड भाग पार पडला होता हो! तुमची चेष्टा करत नाही. पहिली तीन वर्षं मी भिंतीला पाठ लावून बसत असे. आधी भिंत शोधायची, मग समोर जे काही येईल ते काढायचं. समोर विजेचा डबा आला तर विजेचा डबा. मागे कोणी उभं राहता कामा नये, एवढीच अट.

त्याला कारण होतं. माझी चौदा वर्षं लोअर परळच्या एका गिरणीच्या डिझाइन खात्यात गेली. ग्राफ पेपरवर साडीचे काठ आणि बुट्टे काढायचे. रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, उजवीकडे जिथे संपतो, तिथेच तो डावीकडून पुन्हा सुरू झाला पाहिजे. रेघ केसभर सरकली तरी थानभर कापडावर जोड दिसत राहणार. असं काम केलेल्या बाईला फुटपाथवर बसून वाकडी रेघ काढायची आणि ती परक्या माणसाने बघायची, हे कपडे वाळत घालताना पाहुणे आल्यासारखं वाटायचं.

सवय मोडली बाणगंगेला. तलावाच्या पायऱ्यांवर बसले होते, मागे भिंत नव्हती. देवळाचं शिखर, दीपमाळ, पाण्यातलं प्रतिबिंब आणि कडेची दोन-तीन घरं असं चित्र चाललं होतं. एक आजी बादली घेऊन वर जाता जाता थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझं घर काढलंस, पण वरची ताडपत्री कुठं गेली? गेल्या पावसात तिच्यावरच निभावलं आमचं.”

ताडपत्री मला दिसली होती. निळी, भडक, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवलेली. शिखराशेजारी ती मला नको होती, म्हणून गाळली होती. आजी उभ्याच, त्यामुळे काढावी लागली. अल्ट्रामरीन ट्यूबमधून जवळजवळ तसाच लावला. त्या वर्षीच्या वहीत तेवढं एकच पान बाणगंगेचं वाटतं, बाकीची कॅलेंडरची वाटतात.

तेव्हापासून मागे उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल माझं मत बदललं. त्याला चित्रकलेतलं कळत नसेल, जागेतलं कळतं. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवरून समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या कमानी काढताना मी एकदा एक कमान खाल्ली. ते गटातल्या कोणाला दिसलं नाही. तिथे रोज चहाचा थर्मास घेऊन फिरणाऱ्या पोऱ्याला दिसलं. बाकीचे बघे ठरलेले असतात : किती वेळ लागला, विकणार का, माझा भाचाही छान काढतो. त्यांना मान हलवून हो म्हणायचं. चित्र काढणं ही मुळात बघण्यासारखी गोष्टच नाही, दोन मिनिटांत कंटाळून निघून जातात.

आता गटाबद्दल. शेवटी आम्ही सगळ्या वह्या पायरीवर ओळीने मांडतो. तुमची खरी भीती हीच असणार. पंधरा जण एकाच चौकात तीन तास बसलेले असतात आणि पानांवर पंधरा वेगळी ठिकाणं असतात. एकाने कमान काढलेली असते, एकीने नुसते कबुतरांचे दाणे विकणारीचे हात, आणि आमच्यातले एक रिटायर्ड इंजिनियर दर वेळी बाकीच्यांच्या पाठीच काढतात. आमच्याकडे विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या चित्राबद्दल बोलत नाही. तुम्ही ज्या गटात जाल तिथे हा नियम आहे का, एवढं आधी विचारून घ्या. नसेल तर दुसरा गट बघा. ज्यांनी शिक्षण घेतलंय त्यांचीही पानं बिघडतात, फक्त ते पान पटकन उलटतात.

सामान कमी घ्या. पहिल्या दिवशी एक वही, एक 4बी पेन्सिल आणि साधं बॉलपेन. बॉलपेनच्या शाईवर पाण्याचा ब्रश फिरवला तरी ती पसरत नाही, फाउंटन पेनची बहुतेक वेळा पसरते. रंग नेलेच तर यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) हे तीन पुरेत. शेवटचे दोन एकत्र केले की फोर्टातल्या सावल्यांना लागतो तो करडा तयार होतो, काळ्या रंगाची ट्यूब घरीच राहू द्या. डेव्हिड ससून लायब्ररीसारख्या मालाडच्या पिवळसर दगडाला यलो ऑकर लागतो. पाण्याला जुन्या फिल्मरोलची डबी बरी. वडापाव चित्र संपल्यावर खा. तेलाचं बोट कागदाला लागलं की तिथे रंग बसत नाही, आणि ते कळतं आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकल्यावर.

बाईमाणसाच्या अडचणीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, बाकी कोणी हे लिहीत नाही. मी बसायची जागा ठरवते तीच मुळी पाच मिनिटांच्या अंतरावर स्वच्छतागृह असेल अशी. सीएसएमटी किंवा चर्चगेट स्टेशन जवळ असलेलं बरं पडतं. पाणी कमी पिऊन दिवस काढायचा, हा आपला बायकांचा जुना उद्योग मात्र करू नका, मुंबईच्या दमटपणात अकरापर्यंत डोकं धरतं. फोर्टातली बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात, म्हणून डबा न्या. आणि तुम्ही सेंट्रलवाल्या, तेव्हा मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवा. सकाळच्या गाडीने निघालात तर जाताना सहसा त्रास नाही, परतताना डोंबिवली लांब जाते.

प्रश्न : मी दादरचा, वय 70. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर चार वेळा काढला. चारही वेळा काळ्या कागदातून कापून चिकटवल्यासारखा आला. रंग चुकतोय का?

रंग नाही, घड्याळ चुकतंय. तुम्ही नक्की सकाळी जात असणार.

ओव्हलची गंमत अशी की मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि राजाबाई टॉवर, आणि पश्चिमेला आर्ट डेको शैलीतली, गोलसर गॅलऱ्यांची घरं. 2018 साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हटलं. युनेस्कोने काय बघितलं असेल ते असो, चित्रकाराच्या दृष्टीने इथे एकाच मैदानात दोन वेळापत्रकं आहेत. सकाळी ऊन टॉवरच्या मागून येतं आणि तुमच्याकडचं तोंड सावलीत असतं. त्या वेळी वळून बसा आणि घरं काढा, त्यांच्यावर समोरून ऊन असतं, गॅलऱ्यांच्या सावल्या सरळ पट्ट्यांसारख्या पडतात. टॉवरसाठी दुपारनंतर या. हिवाळ्यात साडेतीन-चारला पश्चिमेचं ऊन दगडावर पडलं की कोरीवकाम आपोआप दिसायला लागतं, तुम्हाला ते शोधावं लागत नाही.

सकाळीच यायचं असेल तर काळेपणालाच धरा. आकाशाचा हलका वॉश, तो वाळला की टॉवर एकाच करड्या रंगात, आत काही काढायचं नाही, फक्त कडा नीट. पायथ्याकडे थोडं पाणी सोडून रंग फिका करा, तिथे मैदानातली धूळ असते. 85 मीटरच्या मनोऱ्याला आडव्या वहीत कोंबू नका, वही उभी धरा. सांगायला संकोच वाटतो, पण हे मला कळायला दोन वर्षं लागली.

अशीच दुसरी जागा म्हणजे मघाशी लिहिलेल्या एशियाटिकच्या पायऱ्या. ती इमारत, म्हणजे जुना टाउन हॉल, पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे सकाळी पायऱ्या इमारतीच्याच सावलीत असतात आणि समोरच्या सर्कलवर ऊन. आपण गारव्यात, विषय उजेडात. सत्तरीच्या माणसाने टोपी-छत्री सांभाळत बसण्यापेक्षा तिथून सुरुवात करावी.

प्रश्न : ताई, मी विरारला राहतो, अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे जाऊन फोटो काढले आणि घरी नीट बसून चित्र केलं तर काय बिघडतं? गटातले लोक नाक मुरडतात.

बिघडत काही नाही. पण मग तू स्केचिंगला गेला नव्हतास, फोटो काढायला गेला होतास, एवढं मान्य कर. अर्बन स्केचर्स नावाची जी चळवळ आज जगभर आहे, ती सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकार-चित्रकाराने 2007 साली सुरू केली. प्रत्यक्ष जागेवर, डोळ्यांनी बघून काढायचं, ही तिची पहिली अट आहे. नाक मुरडणारे बहुधा तिकडचे असतील.

माझी तक्रार साधी आहे. फोनची लेन्स जवळच्या खांबाला फुगवते आणि लांबची इमारत आगपेटीएवढी करते. तू ते इमानदारीने उतरवतोस आणि चित्र फोनचं होतं. सावलीतला रंगही फोन काळा करतो, डोळ्याला तिथे निळा-जांभळा दिसत असतो.

आणि हो, तुझ्या बाजूने एक मुद्दा देते, भांडायला उपयोगी पडेल. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही, इंग्लंडमध्ये बसूनच त्याने तो केला. पण त्याला टॉवर बांधायचा होता, तुला तो बघायचा आहे.

प्रश्न : माणसं स्थिर राहत नाहीत. अर्धी काढून होईपर्यंत निघून जातात. (माटुंगा)

निघून जाणारी काढू नका, परत येणारी काढा. ओव्हलवरचा बोलर दर चेंडूला त्याच खुणेवर परत येतो, तसाच खांदा टाकून धावतो. पानावर पाच बोलर एकदम सुरू करा : धावतानाचा, उडी घेतानाचा, हात वर गेलेला, असे. तो ज्या अवस्थेत असेल त्या आकृतीत एक रेघ घाला. दोन ओव्हरांत पाचही बऱ्यापैकी उभे राहतात. भेळवाला, इस्त्रीवाला, कोयता मारणारा नारळवाला, सगळे असेच. तीच हालचाल पुन्हा पुन्हा.

डोकं शेवटी काढा. म. वि. धुरंधरांनी (1867–1944) मुंबईच्या माणसांची जी पोस्टकार्डं केली ती मिळाली तर बघा. चेहरा झाकला तरी कमरेच्या कलावरून आणि नेसण्यावरून माणूस ओळखू येतो.

प्रश्न : एका सरकारी कार्यालयासमोर चित्र काढत होतो, पहाऱ्यावरच्या माणसाने उठवलं. मी वाद घालायला हवा होता का? (ठाणे)

मी एकदा घातला. अर्धा तास गेला, ऊन सरकलं, चित्रही गेलं. आता बंदर, नौदलाचा परिसर, रेल्वेचा फलाट अशा ठिकाणी आधीच विचारते आणि नाही म्हणाले तर रस्ता ओलांडते. लांबून इमारत बहुतेक वेळा जास्त चांगली दिसते, पायथा आणि कळस एका नजरेत येतात. फक्त जागा बदलली की नवं पान घ्या. जुन्याच चित्रात नव्या जागेवरून दिसणारं जोडू नका. जोड दिसतो, गिरणीतल्या बाईचं ऐका.