मुलावर गुन्हा दाखल झाला, आता आम्ही आईवडिलांनी काय करायचे?

‘त्याला पाठीशी घातले तर तो आणखी बिघडेल, आणि वाऱ्यावर सोडले तर कायमचा तुटेल. आम्ही नेमके काय करायचे?’ किशोरवयीन मुलावर गुन्हा दाखल झालेले बहुतेक आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, एवढेच. पुढे ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे, त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा 16 वर्षांचा होता. मित्रांबरोबर त्याने रात्री कोणाची तरी उभी मोटरसायकल काढून नेली, ती वळणावर घसरली आणि मागे बसलेल्या मित्राचा पाय मोडला. पोलिसांनी ताब्यात घेतल्यानंतर काही अटींवर त्याला आईवडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. पहिल्या भेटीला आईवडील दोघेच आले. वडिलांच्या हातात एक फाइल होती. तिच्यात प्रत्येक कागद स्वतंत्र प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला आणि सुनावणीच्या तारखांखाली लाल रेघ मारलेली. आईच्या हातात मुलाचा मोबाइल होता आणि बोलता बोलता ती तो उघडून पाहत होती. मी वडिलांना काही विचारले की उत्तर आई देई, आणि ती बोलू लागली की ते फाइल चाळू लागत.

‘हे त्याच्याशी बोलतच नाहीत,’ आई म्हणाली. ‘बोलण्यासारखे त्याने काही ठेवलेय का?’ वडिलांनी विचारले. घरी दुसरे न्यायालय भरले होते. आई बचावाची वकील झाली होती, वडील सरकारी वकील, आणि धाकट्या बहिणीला दोन्ही बाजू साक्षीला बोलावत होत्या. एका न्यायालयात मुलाला उभे राहावेच लागणार होते. पण तिथून परतल्यावर ज्यांच्याजवळ जायचे ते आईवडीलच घरात उरले नव्हते.

वडिलांच्या मनात दोन कामे पक्की होती. मोबाइलमधले मित्रांच्या गटातले संदेश पुसून टाकायचे, आणि मोटरसायकलच्या मालकाला भेटून, हवी ती भरपाई देऊन तक्रार मागे घ्यायची विनंती करायची. दोन्हींमागे बापाची तळमळ होती आणि दोन्ही धोक्याची होती. संदेश पुसणे हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरू शकतो, आणि मग मुलाबरोबर वडीलही अडचणीत येतात. तक्रारदाराला परस्पर भेटणे म्हणजे दबाव आणणे, असा अर्थ काढला जाऊ शकतो. नुकसानभरपाईची इच्छा चांगलीच आहे. ती वकिलांमार्फत किंवा न्यायालयाने आखून दिलेल्या मार्गानेच पुढे न्यावी, असे मी त्यांना सांगितले. कायदेशीर सल्ला देणे हे माझे काम नाही, परंतु घाबरलेला माणूस वकिलाकडे जाण्याआधी जे करून बसतो ते थांबवणे, हे मात्र मी माझे काम समजते.

तिसरी गोष्ट आईला सांगावी लागली. ती रोज रात्री मुलाच्या उशाशी बसून ‘मला तरी खरे सांग’ म्हणून त्याच्या मागे लागत असे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने जी गोपनीयता मिळते, ती आईशी झालेल्या बोलण्याला अनेक देशांत मिळत नाही. उद्या तिलाच साक्षीला बोलावले तर तिची कोंडी होईल. त्यामुळे त्या रात्रीची संपूर्ण हकिगत मुलाने आधी वकिलांना सांगावी, आणि आईने त्याला झोप लागते का, शाळेत काय चालले आहे, त्याला कशाची भीती वाटते, हे विचारावे, असे ठरले. ‘म्हणजे मी त्याला जाब विचारायचाच नाही?’ हा तिचा प्रश्न रास्त होता. जाब विचारायचा, पण गुन्ह्याचा तपास करायचा नाही. पाय मोडलेल्या मित्राच्या प्रकृतीची विचारपूस व्हायला हवी होती, आणि वकिलांना विचारून ती कशी करावी, हा विषय मुलासमोर काढणे हाही जाबच होता.

काही दिवस कोठडीत राहिला असता तर कायमचा धाक बसला असता, असे वडिलांना मनापासून वाटत होते. हे मत इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिते. अमेरिकेत 1970 च्या दशकात नेमक्या याच कल्पनेवर उपक्रम सुरू झाले: वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन, कैद्यांकडून भीती घालून परत आणायचे. पुढे या उपक्रमांची नियंत्रित प्रयोगांनी पाहणी झाली, तेव्हा त्यांत सहभागी झालेली मुले न झालेल्यांपेक्षा अधिक गुन्हे करताना आढळली. मुलांना अटकेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा आणि तोही शक्य तितक्या कमी काळासाठी, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत लिहिलेले आहे, त्यामागे दयेइतकाच हा व्यवहारही आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलेले वर्गीकरणही मी वडिलांना समजावून सांगितले: कायदा मोडणाऱ्या किशोरांपैकी मोठा गट त्या वयापुरताच मोडतो आणि मोठे होताना थांबतो, लहानपणापासून सुरू होऊन पुढेही टिकणारे वर्तन तुलनेने थोड्यांचे असते. ही हमी नव्हे. पण ‘आता हा आयुष्यभर गुन्हेगारच राहणार’ या वाक्याला आधार नाही, एवढे त्यातून कळते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी त्या वर्षाची नोंद फाइलच्या आतल्या बाजूला केली.

दुसऱ्या भेटीत मी मुलाच्या जिवाविषयी विचारले. ताब्यात घेतल्यानंतरचे दिवस आणि सुनावणीच्या आसपासचे दिवस किशोरांसाठी नाजूक असतात. शरम, भीती आणि उतावळेपणा एकत्र येतात. ‘जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का,’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उत्तर होकारार्थी किंवा संदिग्ध आले, तर मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आईने त्या रात्री विचारले. ‘तसे नाही, पण बाबा कधी बोलणार ते सांग,’ असे उत्तर आले.

घरासाठी एकच नियम ठरवला. खटल्याविषयी संध्याकाळी अर्धा तास बोलायचे, त्यात तारखा, कागद, अटी सगळे आले. तो संपला की विषय बंद, टोमणासुद्धा नाही. हजेरीच्या तारखा आणि घराबाहेर राहण्याच्या वेळा मुलाने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावायच्या; वडिलांनी फक्त आदल्या दिवशी आठवण करायची. बहिणीला वयाला झेपेल एवढे खरे सांगायचे आणि शाळेत कोणी छेडले तर म्हणायला एक वाक्य द्यायचे. नातेवाइकांसाठीही एकच वाक्य: ‘प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर आम्ही बोलत नाही.’ वडिलांना पहिले आठवडे तो अर्धा तास पुरत नसे, आणि उरलेल्या वेळात मुलाशी कशावर बोलावे हेच त्यांना सुचत नसे. क्रिकेटच्या सामन्यावर बोला, असे मी सुचवले; सल्ला साधा होता, पण तोच चालला.

मुलांच्या न्यायव्यवस्थेत आईवडिलांचे स्थान दुय्यम नसते. संयुक्त राष्ट्रांच्या 1985 च्या बीजिंग नियमांनुसार मुलाला ताब्यात घेताच पालकांना ताबडतोब कळवावे लागते आणि पुढच्या कामकाजात सहभागी होण्याचा त्यांना अधिकार असतो. म्हणून सुनावणीला दोघांनीही जावे, असा माझा आग्रह होता. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून रडायला नव्हे, तर घरी देखरेख कशी चालली आहे हे विचारल्यावर नीट सांगता यावे म्हणून.

न्यायालयाने मुलाला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवले आणि भरपाईचा काही भाग स्वतः काम करून फेडायला सांगितले. बापलेकांत अजून अंतर आहे. एकदा वेळ पाळली नाही म्हणून पुन्हा तंटा झाला, पण तो उशिरा येण्याबद्दल झाला, मोटरसायकल त्यात आली नाही.

सध्या त्यांची चिंता पुढच्या अर्जांची आहे: ‘पूर्वी गुन्हा दाखल झाला होता का’ या रकान्यात काय लिहायचे? किशोरांच्या नोंदी गोपनीय ठेवाव्यात आणि त्रयस्थांना दाखवू नयेत, हे बीजिंग नियमांत आहे. मात्र कोणती माहिती केव्हा द्यावी लागते, हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर आणि अर्जातल्या नेमक्या शब्दांवर ठरते. प्रकरण बंद होत असतानाच वकिलांकडून हे लेखी घ्यावे आणि अंदाजाने काही भरू नये, असे मी सांगितले. प्रश्न मुलानेच विचारायचा आहे, कारण अर्जावर सही त्याची असेल.