कमानीची जाडी

लेकरा,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली चारही चित्रं बघितली, आधी मोबाईलवर आणि मग नातवाच्या लॅपटॉपवर मोठी करून. हात चांगला बसलाय तुझा. बीबीच्या मकबऱ्याचं जे काढलंस ना, दरवाज्याच्या कमानीतून समोर कारंजी आणि शेवटी घुमट, ते बघून घरात सगळे म्हणाले एकदम फोटोच वाटायलाय. माझी अडचण नेमकी तिथंच आहे.

फोटोवरूनच काढलंस ना? खरं सांग, रागावत नाही. कमान सगळी काळीकुट्ट आली म्हणून ओळखलं. मोबाईल बाहेरच्या उजेडावर सेट झाला की आतलं काळं करून टाकतो, आतलं दाखवायला गेला तर आभाळ पांढरं फट्ट. आपला डोळा तसा बघत नाही, सावलीत पाच मिनिटं नुसतं बसलं की गिलाव्याचे पोपडे, ओलीचे डाग, कुण्या येड्यानं कोरलेलं बदामातलं नाव, सगळं हळूहळू दिसायला लागतं.

मी पण हेच करून बसलोय. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, झालो त्या वर्षी भडकल गेट काढलं, मलिक अंबरचं, 1612 चं, कमानीतून पलीकडचा रस्ता आणि एक सायकलवाला. ऑइलमधे होतं आणि आयव्हरी ब्लॅकची ट्यूब जवळजवळ पूर्ण कमानीत घातली, तेव्हा ट्यूब घ्यायची म्हणजे चहा बंद करावा लागायचा. शेजारी एक गवंडीमामा राहायचे, ते चित्रासमोर लई वेळ उभे राहिले, मला वाटलं आता वा म्हणतील, तर म्हणे "गुरुजी, भित किती रुंद हाय ही?" मला सांगताच येईना. पुठ्ठा कापून चिकटवल्यासारखी होती ती. दुसऱ्या दिवशी जाऊन पावलांनी मोजून आलो.

तर तुझ्याही कमानीला जाडी नाही. बाहेरच्या फरशीवर ऊन पडतं ते उसळून कमानीच्या पोटाला लागतं, म्हणून तिथं गरम, भाकरीच्या पापुद्र्यासारखा रंग असतो, आणि आभाळाकडच्या कडेला निळसर. सगळी गंमत त्या हात-दोन हाताच्या पट्ट्यात आहे. काळी ट्यूब घरी ठेवून जा, निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएना मिसळ, पाहिजे तेवढा अंधार मिळतो आणि तो मेलेला दिसत नाही. नुसती बॉर्डरच पाहिजे असेल तर फ्रेमवाला करून देतो की, त्याला कमान कशाला?

आणि घुमटाचं पांढरं. मकबऱ्याला खालच्या पट्ट्यात संगमरवर, वर घुमटाच्या बुडापर्यंत काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा, अन् घुमट परत संगमरवरी. चुना ऊन पिऊन घेतो, संगमरवर थोडं आत घेऊन परत देतो. तू सगळीकडं एकच टायटॅनियम व्हाइट फासलास. सकाळी जाऊन फक्त तो सांधा बघ, चित्र काढू नको.

पर्स्पेक्टिव्हचं जास्त बोलत नाही, ते तुला येतं, फक्त डोळ्याची लेव्हल कमानीत आणि बाहेर एकच ठेव, तिसऱ्या चित्रात दोन झाल्यात.

एक जागा सांगतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आहे, इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, 1613 चा, त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधलाय. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की तू आत खिडकीत उभा आणि पाणी तुझ्या समोरून खाली पडतंय. म्हणजे खिडकीत आधी पाणी, मग पाण्यातून हललेली पलीकडची हिरवळ, आणि आतली भिंत पाण्याच्या उजेडानं लुकलुकायलेली. मला तीनदा जाऊन जमलं नाही ते, कागदच ओला होतो, पॅडला प्लास्टिक लावून ने.

बोरी भरली की फोन कर. सोलापूर-हैदराबाद हायवेवरच आहे, मी एसटीनं येतो. भाकरी आणि शेंगाची चटणी मी आणतो, तू पाणी आण, तिथलं नको.

तुझे सर