अमेरिकन फोक-कंट्री गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झँट ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर' या अल्बमपासूनच करा, दुसरा विचार नको. १९७३ च्या जुलैत ह्यूस्टनच्या एका छोट्याशा, खचाखच भरलेल्या क्लबमध्ये रेकॉर्ड झालाय, एकटा माणूस आणि त्याची गिटार बस्स, आणि रिलीज व्हायला १९७७ उजाडलं. १९६८ चा पहिला अल्बम आधी लावू नका, त्यात प्रॉडक्शन इतकं भरलंय की शब्दच दबतात, त्यातली काही गाणी त्याने पुढच्याच वर्षी साधेपणाने परत रेकॉर्ड केली ती ऐका, फरक लगेच कळतो.

माणूस टेक्ससचा, फोर्ट वर्थला १९४४ चा जन्म, घर श्रीमंत. कॉलेजात असताना डिप्रेशनसाठी इन्सुलिन शॉक (इन्सुलिनने मुद्दाम बेशुद्ध करायचा जुना उपचार) दिले आणि लहानपणीच्या बऱ्याच आठवणी पुसल्या गेल्या, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. पुढे दारू सुटली नाही, १ जानेवारी १९९७ ला गेला, जुना कंट्री गायक हँक विल्यम्सही १ जानेवारीलाच गेलेला.

'पाँचो अँड लेफ्टी' हे गाणं टाउन्सचंच बरं का, १९७२ चं, पण अमेरिकेच्या कंट्री चार्टवर नंबर वन झालं ते १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या कंट्री गायकांच्या आवाजात. त्यांचं छानच आहे, तरी मूळचं आधी ऐका.