सूर-शंका: पट्टी बदलली की घोटाळा

प्रश्न : पांढरी एकच्या पट्टीत आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक वाजणारा तुकडा) कीबोर्डच्या सिक्वेन्सरवर, म्हणजे नोटा साठवून आपोआप वाजवणाऱ्या सोयीवर, भरून ठेवलाय. गायिकेला काळी दोन लागते. ट्रान्सपोज केलं, म्हणजे पट्टी सरकवली, की किकऐवजी (बास ड्रमच्या ठोक्याऐवजी) टाळी वाजते, मधेच एखादा सूर अडकून चिं करत राहतो. काय चुकतंय?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पांढरी एक ते काळी दोन म्हणजे +३, म्हणजे तीन सेमीटोन (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर, हा हिशोब बरोबर आहे. पण तुम्ही अख्खा पॅटर्न सरकवलात, त्यात ड्रमही सरकले. जनरल मिडीत, म्हणजे कीबोर्डांच्या सामायिक नंबर-पद्धतीत, प्रत्येक नोटेला नंबर असतो आणि किक ३६ नंबरवर असते. तीन मिळवले की ३९, म्हणजे टाळी. ड्रम बहुधा चॅनल १० वर असतात. तो ट्रॅक वगळून फक्त आर्पेजिओचा ट्रॅक सरकवा.

सूर अडकतो तो वाजत असताना पट्टी बदलल्यामुळे. नोट सुरू झाली ६० वर, बंद करण्याचा निरोप गेला ६३ ला. ६० बिचारी वाजतच राहते. म्हणून सिक्वेन्सर थांबवून बदला. चालू कार्यक्रमात थांबणं शक्य नसेल, तर गेट टाइम (नोट किती वेळ दाबलेली राहते ते) ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि शेवटची नोट सुटल्यावर, समेच्या किंचित आधी बदला.

काळी पाच हवी असेल तर +१० नको, –२ करा; नाहीतर आर्पेजिओ किरकिरा होतो.

आणि ट्रान्सपोजने मेजरचा मायनर होत नाही. सा-ग-प मधला शुद्ध ग कोमल करायचा, तर स्टेप एडिटमध्ये (नोटा एकेक करून बदलायच्या सोयीत) जाऊन तेवढ्याच नोटा एकेक सेमीटोन खाली आणाव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण तालमीच्या आदल्या रात्रीच उरका.